खाऱ्या टाकीतल्या शिकारी गोगलगायी

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत रिकामे शंख सापडू लागले किंवा प्रवाळाची एखादी फांदी पांढरी पडली, की पहिला संशय अनोळखी गोगलगायीवर जातो. दगडाच्या कपारीत जो नवा शंख दिसेल तो चिमट्याने उचलून फेकून दिला जातो. लोकांच्या टाक्यांची देखभाल करण्याच्या कामात ही प्रतिक्रिया इतक्यांदा समोर येते की तिच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. माझं म्हणणं असं आहे: शिकारी गोगलगाय तिच्या शंखाच्या आकारावरून ओळखू नये, तिने केलेल्या जखमेवरून ओळखावी. जखम नीट पाहिली की शिकारी कोण, तो कुठे लपला असेल, किती घाई करायची आणि उपाय कोणता, हे सगळं बरंचसं तिथेच कळतं. जखम न पाहता केलेल्या कारवाईत बहुतेक वेळा निरुपद्रवी प्राणी मरतात आणि खरा शिकारी टाकीतच राहतो. हे नुकसान छोटं नाही. ट्रोकस, टर्बो, सेरिथ, नेराइट या शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी रात्रंदिवस काच आणि दगड खरवडत असतात. त्या गेल्या की काही आठवड्यांत शेवाळ वाढतं, पाण्यातलं संतुलन बिघडतं, आणि टाकीच्या मालकाला वाटतं की शिकाऱ्यानेच हे सगळं केलं.

शंखाच्या आकाराचा नियम या छंदातल्या बहुतेकांना माहीत असतो. शंखाचं तोंड गोल आणि सलग असेल तर प्राणी शाकाहारी, तोंडाच्या पुढच्या टोकाला खाच किंवा लांब पन्हळ असेल तर मांसाहारी. या नियमामागे खरं कारण आहे. त्या खाचेतून गोगलगाय एक मांसल नळी बाहेर काढते, तिच्यातून पाणी आत ओढते आणि त्या पाण्यातला वास घेते. ज्याला भक्ष्य शोधत फिरायचं आहे त्याला दिशा दाखवणारं नाक हवं. दगडावरचं शेवाळ कुठे पळून जात नाही, त्यामुळे ते खाणाऱ्याला अशा नळीची तितकी गरज नसते. म्युरेक्स, व्हेल्क, कोन या मंडळींना हा नियम चपखल बसतो. पण टाकीत येणाऱ्या प्राण्यांची यादी घेऊन बसलं तर तो दोन्ही बाजूंनी फसतो. वाळूत बुडून फक्त नळी वर ठेवणारी नॅसेरियस मेलेलं मांस साफ करते, निरोगी प्राण्याच्या वाटेला सहसा जात नाही. स्ट्रॉम्बस जातीच्या गोगलगायींना खाच असते आणि त्या निव्वळ शेवाळ व वाळूवरचा थर खातात. सेरिथलाही आखूड खाच असते. उलट झोअँथिड हे फुलांसारखे, वसाहतीने राहणारे जीव खाणारी हेलिअ‍ॅकस, सूर्यप्रवाळ खाणारी एपिटोनियम आणि शिंपल्यांचा रस शोषणारी चिमुकली पिरॅमिडेलिड, या तिघींच्याही तोंडाला पन्हळ नसते. म्हणजे नियम पाळणारा माणूस कामाची नॅसेरियस फेकून देतो आणि हेलिअ‍ॅकसला ‘गोल तोंडाची आहे, राहू दे’ म्हणतो. पहिली चाळणी म्हणून हा नियम ठेवायला हरकत नाही, पण शेवटचा निकाल त्याच्यावर सोडू नये.

आता जखमांकडे येऊ. कोकणच्या किनाऱ्यावर फिरलेल्या प्रत्येकाने ती शिंपली पाहिली आहे जिच्या टोकाजवळ सुईने पाडल्यासारखं एकच गोल भोक असतं. मुलं अशा शिंपल्यांत दोरा ओवून माळा करतात. ती भोकं लाटांनी पडलेली नसतात, गोगलगायींनी पाडलेली असतात. म्युरेक्सच्या कुळातल्या गोगलगायीच्या पायात एक ग्रंथी असते. ती आम्लयुक्त स्राव सोडून कवच मऊ करते, मग दातेरी जीभ तो मऊ झालेला थर खरवडते, पुन्हा स्राव, पुन्हा खरवडणं. कवच जाड असेल तर हे काम कित्येक तास, कधी काही दिवस चालतं. शेवटी त्या भोकातून सोंड आत घालून मांस खाल्लं जातं. नॅटिका जातीच्या गोगलगायी वाळूत राहतात, भक्ष्याला आपल्या मोठ्या पायात गुंडाळतात आणि त्यांनी पाडलेलं भोक बाहेर रुंद, आत अरुंद असं उतरतं असतं. म्युरेक्सचं भोक बहुधा सरळ भिंतीचं असतं. टाकीतला रिकामा शंख हातात घेऊन भिंगाखाली पाहिला तर हा फरक दिसतो. उतरतं भोक दिसलं तर शिकारी वाळूत शोधायचा, सरळ भोक दिसलं तर दगडांत. शंखाला भोकच नसेल तर शोध वेगळीकडे वळतो. काही व्हेल्क झाकणाच्या फटीतूनच सोंड घालतात, ही एक शक्यता. पण माझ्या पाहण्यात त्याहून वारंवार येणारं कारण साधं असतं: ती गोगलगाय कोणी मारलेलीच नसते. थंड समुद्रातल्या टेग्युला किंवा मार्गारिटा जातीच्या गोगलगायी ‘टर्बो’ या नावाखाली उष्ण टाकीसाठी विकल्या जातात. 26 अंशांच्या पाण्यात त्या काही महिने झिजतात आणि मरतात. मेल्यावर नॅसेरियसचा घोळका तासाभरात त्यांच्यावर चढतो. मालक दिवा लावतो तेव्हा त्याला फक्त तो घोळका दिसतो. क्षारता एकदम बदलली, नवी गोगलगाय टाकीत सोडण्याआधी नीट सवय करून दिली नाही, शेवाळ संपलं आणि उपासमार झाली, या सगळ्यांत शेवट असाच दिसतो. प्रेताजवळ सापडला म्हणून कुणाला खुनी ठरवता येत नाही.

प्रवाळावरच्या जखमा वाचणं अधिक कठीण आहे, कारण प्रवाळ अनेक कारणांनी पांढरं पडतं. ताणामुळे प्रवाळातलं सूक्ष्म शैवाल निघून गेलं तर पांढरेपणाखाली पारदर्शक ऊती शिल्लक असतात. जवळून पाहिलं तर प्रवाळजीवांचे शुंडकही दिसतात. ड्रुपेला जातीची गोगलगाय खाते तेव्हा ऊती उरतच नाहीत, फक्त स्वच्छ सांगाडा उरतो आणि जिवंत व मेलेल्या भागाची सीमारेषा ठळक असते. ड्रुपेला दिवसा अ‍ॅक्रोपोरा किंवा माँटिपोरा या प्रवाळांच्या बुडाशी दडून राहते. तिच्या शंखावर गुलाबी चुनखडी शैवाल चढलेलं असतं, त्यामुळे ती दगडाचा उंचवटा वाटते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निंगालू खडकरांगेवर 1980 च्या दशकात याच गोगलगायींची संख्या अफाट वाढली आणि तिथल्या प्रवाळाची मोठी हानी झाली. एकेकटी गोगलगाय क्षुल्लक वाटते, पण ती घोळक्याने खाते हे तिथे दिसून आलं. तरीही एक सावधगिरी हवी. ऊती झपाट्याने सुटत जाण्याचा प्रवाळाचा आजारही बुडापासून वर चढतो आणि पहिल्या नजरेत तसाच दिसतो. दोहोंत फरक करायचा तर रात्री, दिवे गेल्यावर दोन-तीन तासांनी, लाल प्रकाशाच्या टॉर्चने फांदीच्या बुडाशी पाहावं लागतं. लाल प्रकाशात हे प्राणी कमी बिचकतात. तिथे गोगलगाय दिसली नाही तर दोष तिचा नाही असं मानून पाण्याच्या तपासणीकडे वळावं.

झोअँथिडच्या वसाहतीत फुलं एका बाजूने मिटत गेली तर हेलिअ‍ॅकस शोधावी. चपटा गोल शंख, त्यावर तपकिरी-पांढरे चौकडे, आणि वसाहतीच्या देठांमध्ये इतकी बेमालूम बसलेली की दिवसा हात लावून चाचपल्याशिवाय सापडत नाही. सूर्यप्रवाळावर राहणारी एपिटोनियम तर आपल्या यजमानासारखीच पिवळी असते आणि अंडीही पिवळीच घालते. या दोघींचं वैशिष्ट्य असं की त्या एकाच प्रकारच्या भक्ष्याला चिकटून असतात. टाकीत झोअँथिड नसतील तर हेलिअ‍ॅकस कोणाचंही बिघडवत नाही, ती उपाशी मरते. ‘शिकारी’ हा शब्द ऐकून सगळी टाकी धोक्यात आहे असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पिरॅमिडेलिड याहून लहान, तांदळाच्या कणीएवढ्या किंवा त्याहून बारीक, पांढऱ्या, निमुळत्या. त्या मांस कुरतडत नाहीत, बारीक सोंड खुपसून शरीरद्रव शोषतात. मोठ्या शिंपल्याच्या कडेशी किंवा तो दगडाला जिथे धरतो त्या फटीत त्या रात्री जमतात. टर्बो आणि ट्रोकसच्या शंखावरही बसतात. शिंपला हळूहळू कमी उघडू लागला, कड आत ओढून राहू लागला, की त्याला उचलून खाली पाहायचं. पण काचेवर फिरणारा प्रत्येक पांढरा कण पिरॅमिडेलिड नसतो. कोलोनिस्टा नावाची बारीक, गोलसर, शेवाळ खाणारी गोगलगाय टाक्यांत भरपूर वाढते आणि याच गैरसमजात मारली जाते. काचेवर फिरताना दिसली तर ती बहुधा कोलोनिस्टा किंवा सेरिथचं पिल्लू. यजमानाच्या अंगावरच सापडली तर संशय रास्त.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. पुरावा गोळा करत बसलं तर तोवर सगळं खाऊन होईल, संशयिताला काढून टाकणंच शहाणपणाचं नाही का? काढायला माझा विरोध नाही, फेकायला आहे. संशयित गोगलगायीला टाकीतच तरंगणाऱ्या, जाळीच्या डब्यात ठेवता येतं. पाणी तेच, तापमान तेच, पण कुणाला हात लावता येत नाही. त्या डब्यात एकीकडे सुक्या समुद्री शेवाळाचा तुकडा आणि दुसरीकडे कोळंबीचा तुकडा ठेवला तर दोन-तीन रात्रींत ती काय खाते ते समजतं. प्रवाळखाऊ किंवा झोअँथिडखाऊ जात असेल तर ती दोन्हीही नाकारते, आणि तो नकारही एक पुरावाच असतो. दरम्यान बाहेरचं नुकसान थांबलं की चालू राहिलं हेही दिसतं. चालू राहिलं तर खरा दोषी अजून बाहेर आहे. शिवाय शिकाऱ्यांचा वेगही आपण समजतो तितका नसतो. एक शंख पोखरायलाच ज्याला तास किंवा दिवस लागतात, तो एका रात्रीत टाकी रिकामी करू शकत नाही. शिकारी गोगलगायी भराभर वाढतील ही भीतीही सगळ्यांच्या बाबतीत खरी नाही. अनेक मोठ्या शिकारी गोगलगायींची अंडी फुटल्यावर पिल्लं आधी पाण्यात तरंगणारी अळी म्हणून जगतात, आणि घरच्या टाकीतल्या पंपातून आणि स्किमरमधून ती अळी क्वचितच वाचते. काही जातींत मात्र पिल्लं थेट रांगतच बाहेर पडतात. म्हणून काचेवर किंवा दगडावर चामड्यासारख्या पिशव्यांची रांग दिसली तर ती ब्लेडने खरवडून काढावी. खरी घाई लागते ती पिरॅमिडेलिडसाठी. त्यांच्या पिढ्या लवकर येतात आणि अंड्यांचे लिबलिबीत पुंजके यजमानाच्या कवचावरच असतात.

दुसरा आक्षेप रसायनांचा पुरस्कार करतो. माशांच्या परोपजीवींवर तांब्याचं औषध लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास वापरतात, तेवढ्या प्रमाणात गोगलगायी मरतातच. पण त्यांच्याबरोबर कोळंबी, प्रवाळ, शिंपले, नळीतले किडे, दगडातले असंख्य सूक्ष्म जीवही मरतात. तांबं चुनखडीच्या दगडात मुरतं आणि नंतर पुन्हा सुटत राहतं, म्हणून ते एकदा वापरलेल्या टाकीत पुढे प्रवाळ ठेवणं धोक्याचं होतं. एकाच वेळी शेकडो लहान प्राणी कुजू लागले की अमोनिया वाढतो, आणि वाचलेले मासे त्याने मरतात. आयोडीनच्या द्रावणात किंवा गोड्या पाण्यात नवं प्रवाळ बुडवून काढण्याची पद्धत चपटे किडे आणि काही परोपजीवी घालवते, हे खरं. पण गोगलगायीला घट्ट बसणारं झाकण असतं. ती आत ओढली जाते, दार लावते आणि द्रावणाची दहा-पंधरा मिनिटं आत बसून काढते. अंड्यांवर तर या द्रावणांचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे ‘डिप दिलं आहे, आता निर्धोक’ असं विक्रेता सांगतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरा आक्षेप एक फार आकर्षक वाटणारा उपाय सुचवतो: शिकाऱ्यावर दुसरा शिकारी सोडायचा. सिक्स-लाइन रॅस नावाचा मासा पिरॅमिडेलिड टिपतो, हे खरं आहे. पण तो दिवसा शिकार करतो आणि पिरॅमिडेलिड रात्री बाहेर येतात. शिवाय मोठा झाल्यावर तो टाकीत नव्या येणाऱ्या शांत माशांचा छळ करतो. त्याला मदतनीस मानावं, इलाज मानू नये. मोठ्या प्रमाणावर हा विचार काय करू शकतो याचं उदाहरण गोगलगायींच्याच इतिहासात आहे. पिकं खाणाऱ्या आफ्रिकन गोगलगायींचा बंदोबस्त करण्यासाठी पॅसिफिकमधल्या बेटांवर युग्लँडिना रोझिया ही शिकारी गोगलगाय सोडण्यात आली. हवाईत 1955 मध्ये, मोरेआ बेटावर 1977 मध्ये. तिने आफ्रिकन गोगलगायींपेक्षा तिथल्याच इवल्या पार्टुला गोगलगायी खाल्ल्या, आणि दहा वर्षांत मोरेआच्या रानातून पार्टुला जवळजवळ नाहीशी झाली. लंडनसारख्या प्राणिसंग्रहालयांत वाचवून ठेवलेल्या काही जातींवर तिचं पुढचं भवितव्य टिकून राहिलं. त्याच आफ्रिकन गोगलगायींनी 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागातल्या सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा शेतकऱ्यांना दिलेल्या सल्ल्यात हाताने वेचणं अग्रभागी होतं: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात पसरायची, त्यांखाली जमलेल्या गोगलगायी सकाळी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. हळू चालणाऱ्या, ठरावीक वेळी बाहेर येणाऱ्या प्राण्यासाठी हात हेच सर्वात अचूक हत्यार आहे. एकराच्या शेतात हा मार्ग मान्य होतो, तर तीनशे लिटरच्या टाकीत तो परवडत नाही असं म्हणता येणार नाही.

टाकीतली वेचणीही तशीच. व्हेल्कसाठी जाळीच्या लहान पिशवीत कोळंबी किंवा तिसरीचा तुकडा रात्री दगडाजवळ ठेवला तर त्या वासाने येतात. नॅसेरियसही येतील, त्यांना वेगळं करून परत सोडावं. ड्रुपेला आणि हेलिअ‍ॅकस मात्र आमिषाला भुलत नाहीत, त्यांना यजमानाच्या बुडाशी जाऊनच उचलावं लागतं. पिरॅमिडेलिडसाठी शिंपला पाण्यातून अलगद काढून मऊ दातब्रशने कवच आणि खालची फट साफ करायची आणि हेच आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा, त्यानंतरही काही वेळा, कारण राहिलेली अंडी फुटणारच असतात. दोन गोष्टींत मात्र निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. उलट्या शंकूच्या आकाराचा, रंगीत नक्षीचा कोन शंख दिसला तर त्याला बोटांनी उचलू नये, लांब चिमटाच वापरावा. त्याची जीभ विषारी भाल्यासारखी सुटते, कोनस जिओग्राफसच्या दंशाने माणसं दगावली आहेत आणि त्या विषावर उतारा नाही. त्याच कुळाच्या विषापासून बनवलेलं झिकोनोटाइड हे वेदनाशामक 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, यावरून त्याची ताकद लक्षात यावी. दुसरी गोष्ट झोअँथिडची. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. गोगलगाय काढताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि वसाहत असलेला दगड ‘निर्जंतुक’ करायला कधीही उकळू नये. त्या वाफेने घरातली माणसं आजारी पडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

हे सगळं मान्य करूनही कुणी म्हणेल की एवढा खटाटोप करण्यापेक्षा शिकारी टाकीत येऊच न दिलेला बरा. यावर माझा काहीच आक्षेप नाही. खरं तर बहुतेक शिकारी आपण विकत आणलेले असतात. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची बंबलबी गोगलगाय दुकानात ‘साफसफाई पथक’ म्हणून मिळते, आणि ती व्हेल्कच्या जवळची मांसाहारी, वाळूतले उपयोगी किडे खाणारी आहे. नवा दगड, नवी गोगलगाय, नवं झोअँथिड, काहीही असो, ते महिनाभर वेगळ्या लहान टाकीत ठेवून रात्री टॉर्चने पाहिलं तर बहुतेक आगंतुक तिथेच सापडतात. मुंबई किंवा कोकणच्या खडकांवरून शंख आणि दगड उचलून टाकीत घालण्याचा मोह मात्र पूर्ण टाळावा. भरतीरेषेवरच्या बार्नॅकल आणि कालवांमध्ये राहणाऱ्या बऱ्याच गोगलगायी पोखरणाऱ्याच असतात. शिवाय प्रवाळ आणि महाशिंपल्यांच्या काही जाती 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्या किनाऱ्यावरून उचलणं गुन्हा आहे.

पकडलेल्या शिकाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. तो आपल्या स्वभावानुसार जगत होता, त्याला शिक्षा देण्याचं कारण नाही. म्युरेक्स किंवा व्हेल्क असेल तर टाकीखालच्या सम्पमध्ये तो कोळंबीच्या तुकड्यांवर वर्षानुवर्षं जगतो, आणि ज्यांना असा प्राणी मुद्दाम पाळायचा आहे असेही लोक असतात. पण त्याला दया म्हणून समुद्रात किंवा खाडीत कधीही सोडू नका. जपान-चीनच्या किनाऱ्यांवरची रापाना व्हेनोसा 1940 च्या दशकात काळ्या समुद्रात पोहोचली आणि तिने तिथल्या कालवांच्या आणि शिणाण्यांच्या वस्त्या उजाड केल्या. 1998 मध्ये ती अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातही सापडली. ती कुणी टाकीतून सोडलेली नव्हती, जहाजांबरोबर गेली असावी. पण दूरच्या समुद्रातून आलेली तुमच्या टाकीतली गोगलगाय वर्सोव्याच्या खाडीत सोडली तर कालवं आणि तिसऱ्या वेचून घर चालवणाऱ्या बायकांच्या वाट्याला काय येईल, याचा विचार ती सोडणाऱ्याने आधी करावा. ठेवता येत नसेल आणि कुणाला देताही येत नसेल, तर तिला पाण्यासह फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका.